प्रकृती ठणठणीत असल्याचा अर्ज

गुरुजी,

तुमच्या हातचा एक कागद पन्नास वर्षांनी परत आला आहे. तो आल्यापासून असं वाटतं, की कुणी अनोळखी माणूस आमच्या ओटीवर येऊन बसलाय आणि काही न बोलता नुसता बघत राहिलाय. कागद तरी कसला, झेरॉक्स. लष्कराच्या दप्तरातून तो मुंबईला न्यायाधिकरणात गेला, सरकारी वकिलाने आपल्या उत्तराला जोडला, आणि तिथून महाडला आमच्या वकिलांच्या टेबलावर आला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला, अक्षर बघितलं, आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो. वकील काहीतरी म्हणाले, बहुतेक बसा आजोबा, काय झालं. ओठ तसे हलले. त्यांना काय सांगणार? तुम्ही वर्गात आलात की उभं राहायचं, एवढं अंगात राहिलंय. मला पंचाहत्तर पुरी झाली, गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी कुणाचा हात न धरता उठलो.

तुम्हाला आधीपासूनचं सांगायला हवं. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी बिरवाडीला एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करत होतो, आणि फौजेचं प्रकरण केव्हाच मिटलं असं आपल्या दोघांनाही वाटत होतं. ते मिटलं नव्हतं, नुसतं निजलं होतं. माझ्या डिस्चार्ज बुकात नोकरी संपण्याचं कारण लिहिलंय, स्वतःच्या विनंतीवरून. जो आपण होऊन सोडून येतो त्याला अपंगत्वाचं पेन्शन नाही, मग तोफेच्या दणक्याने त्याचा कान गेलेला का असेना. ज्याला वैद्यकीय कारणावरून घरी पाठवतात त्याला आहे. आता ते कारण बदलून मागायचं, असा आमचा दावा. इतकी वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही. लाज होती, आळस होता, आणि डाव्या कानावर भागत होतं. पण आता डावाही विझत चाललाय, आणि त्याहून मोठं म्हणजे हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा आमच्या कापड्याहून एसटीने महाडला जायचं, तिथे तिचं रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडतात. मधूनच यंत्र बंद पडतं, मग हिचे पाय सुजतात. नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, किती वेळ राहतो ते मी बघत बसतो. पेन्शन लागलं तर लष्कराच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं, बायकोचंही. डॉक्टर म्हणाले, दोनदा पुरत नाही, तीनदा लागेल, आणि ते लवकर व्हायला हवं. लवकर म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं.

ती यंत्राला लावलेली असते तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसतो. यंत्राचा आवाज मला येत नाही, फक्त एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. तुम्ही टेबलावर बोटाच्या पेराने वृत्त वाजवून दाखवायचात ना, लघु हलकं, गुरू ठासून, तसं मी मांडीवर बोट आपटत त्या दिव्यात गण शोधतो. बराच वेळ जमत येतं. मग कुठेतरी एक मात्रा गळते आणि माझं बोट हवेतच थांबतं. दिवा पुन्हा लागतो. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सातवीत तुम्ही मला चाळीस पोरांसमोर उभं करून कविता म्हणायला लावली होती, आणि शेवटच्या कडव्यात मी अडखळलो तेव्हा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जिथे अडखळतोस तिथे तुला कवी दिसलेला नाही, फक्त शब्द दिसलेत." पुढे तोफखान्यात, बराकीत दिवे गेल्यावर मी मनातल्या मनात तीच कविता म्हणायचो. कान गेल्यावर तर जास्तच. बाहेरचं सगळं बंद झालं तरी आतलं वृत्त चालूच होतं.

वकिलांकडे आमची पद्धत अशी, की ते हिच्याकडे बघून बोलतात आणि ही माझ्या डाव्या कानाला तोंड लावून तेच ओरडते, पण आपल्या भाषेत आणि स्वतःचं थोडं घालून. त्यांची खोली कोर्टाजवळ पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे, चढताना प्रत्येक वेळी बघतो. त्या दिवशी वकील बराच वेळ बोलले. हिने सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी आली.

"वकील म्हनतात, सरकारचं समदं ह्या एका कागदावर हाय! तुमीच लिवून दिलंय म्हनं का माजी प्रकृती ठनठनीत हाय! घरची अडचन हाय म्हनून सोडा मला!"

मी मान हलवली.

"अवो, मान काय हलवताव? ठनठनीत व्हता तर कानाचं काय?"

वकिलांनी दुसरा कागद पुढे केला. तो आमच्या बाजूचा, एकुलता एक. पलटणीच्या डॉक्टरची चिठ्ठी, की याच्या उजव्या कानाचा पडदा फाटला आहे, रजेवरून परतल्यावर याला वैद्यकीय बोर्डापुढे पाठवावं. दोन कागदांत तीन आठवड्यांचं अंतर. वकिलांनी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. मग माझ्या अर्जाच्या खालच्या कोपऱ्याशी बोट नेलं, जिथे बारीक अक्षरात तुमचं नाव आहे.

तुमची ती सवय, गुरुजी. गावात इंग्रजी लिहिणारे तुम्ही एकटे. कुणाचा पोरगा फौजेत, कुणाचा गोदीत, कुणाचा आखातात, सगळ्यांचे अर्ज तुमच्याकडे. आणि कुणाचाही अर्ज लिहिलात की खाली कोपऱ्यात आपलं नाव घालायचात. "लिहिणाऱ्याने लपू नये," म्हणायचात. दुसरी सवय म्हणजे अर्ज कसलाही असो, आरंभी ईश्वरकृपेने माझी प्रकृती ठणठणीत आहे, आपलीही तशीच असो, हे यायचंच. वीज मंडळाला लिहिलेल्या अर्जातसुद्धा. घरच्या पत्राची रीत तुम्ही सरकारलाही लावलीत. गावातल्या लोकांनाही त्याशिवाय अर्ज पुरा वाटायचा नाही. तुम्ही मराठीत वाचून दाखवलंत की म्हातारे तर तिथे मान डोलवायचे.

पण माझ्या अर्जात तुम्ही ते घातलं नव्हतं. हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि जगात तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

पोलादपूरला शाळेमागच्या तुमच्या त्या दोन खोल्या. मागची स्वयंपाकाची. तुमच्या बाईंना जाऊन वर्ष झालेलं, तुम्ही स्वतःच चहा टाकताय, स्टोव्ह भडकतोय, आणि मी पाटावर बसून डावा कान तुमच्याकडे करून बोलतोय. मी रजेवर आलोय. वडील गेलेत, भात कापणीला आलंय, दादा मुंबईहून येत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती खरी कारणं नाहीत, आणि तुम्ही ते ओळखलंय. तुम्ही कपबशी माझ्यापुढे ठेवता आणि विचारता, "बोर्डाला का घाबरतोस?"

मी सांगतो. पलीकडच्या वाडीतल्या मुलीचं बघणं चाललंय. बोर्डाने अनफिट लिहिलं की पलटणीतून कागद येईल, कागद पोस्टमन वाचेल, पोस्टमनने वाचला की गाव वाचेल. फुटका शिपाई म्हणतील. कोण मुलगी देईल? आपण होऊन सोडून आलो तर कुणाला काही कळणार नाही. उजव्या बाजूला कुणाला बसू दिलं नाही की झालं.

तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मला वाटलं आता मारतील. "गाढवा, कान तू जुगारात घालवलास की चोरी करताना? तो सरकारच्या कामात गेलाय. बोर्डासमोर उभा राहा. त्यांना कागदावर लिहू दे. आज तुला तो कागद कलंक वाटतोय, म्हातारपणी तोच आधार होईल." मी ऐकलं नाही. शेवटी तुम्ही टाक उचललात. घरची अडचण लिहिलीत, वडिलांचं लिहिलंत, शेतीचं लिहिलंत. मला मराठीत वाचून दाखवलंत. मी म्हटलं, "गुरुजी, ते ठणठणीत राहिलं." तुम्ही म्हणालात, "ते मी मुद्दाम गाळलंय. गप्प राहणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं." मी म्हटलं, "नाही लिहिलंत तर त्यांना आठवण होईल, आधी बोर्डापुढे जा म्हणतील. लिहा. तुमच्या पाया पडतो." आणि मी खरोखर पडलो. स्टोव्ह विझला होता. तुम्ही टाक पुन्हा दौतीत बुडवलात. मग पहिल्या ओळीच्या वर जागा करून, बारीक अक्षरात ते वाक्य घातलंत. झेरॉक्समध्येही दिसतं, मागाहून घातलेलं. आणि तरी खाली कोपऱ्यात नाव लिहिलंत. निदान त्या दिवशी लपला असतात, गुरुजी.

वकिलांचं बोट तुमच्या नावावर होतं. त्यांनी हिला काही विचारलं, आणि ही माझ्या कानात ओरडली, "कुनी लिवलं? तुमी सांगितलं का त्यांच्या मनानं लिवलं?"

आता बघा माझी काय दशा झाली. उत्तर द्यायचं ते वकिलांना, पण प्रश्न विचारणारं तोंड हिचं. माझ्या गालाला तिचा श्वास लागतोय. जिच्यासाठी ते वाक्य घालून घेतलं तीच विचारतेय. मी काय सांगू, तुझ्या बापाला फसवायला लिहून घेतलं म्हणून? लग्नानंतर आठ दिवसांत तिला कळलंच असणार, पण ती कधी बोलली नाही, मीही बोललो नाही. पन्नास वर्षं ती माझ्या डाव्या बाजूने चालते. एवढंच आमचं बोलणं.

मी म्हटलं, "गुरुजींनी त्यांच्या मनाने लिहिलं. इंग्रजी होतं. मला काय कळतंय. सही कर म्हणाले, केली."

वकिलांचा चेहरा उजळला. ते भराभर लिहायला लागले. माणूस वाईट नाही, आमच्याकडून फी सुद्धा धड मागत नाही. मला कळेल अशा मोठ्या अक्षरात त्यांनी एका कागदावर लिहिलं: शपथपत्र करू. मग खाली: त्यांच्या अक्षराचा दुसरा नमुना आहे का?

होता. मी फौजेत निघालो तेव्हा तुम्ही दिलेली वही. शंभर पानी, पुठ्ठ्याला निळा कागद चिकटवलेला, आत तुम्ही स्वतः उतरवलेल्या चोवीस कविता, आणि पहिल्या पानावर माझ्या पलटणीचा पत्ता इंग्रजीत, हरवली तर परत यावी म्हणून. ती वही मी पुढच्या खेपेला पिशवीतून नेली. वकिलांनी पहिलं पान अर्जाच्या शेजारी धरलं, खुशीत मान डोलवली आणि वही फाईलच्या दोरीखाली बांधली. कविता त्यांनी उलटूनही बघितल्या नाहीत. बघायचं कारण नव्हतं.

शपथपत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगायलाच हवं. की माझं शिक्षण सातवीपर्यंत, मला इंग्रजी येत नव्हतं, कानाच्या दुखापतीमुळे मी भांबावलेला होतो. की गावातील एका शिक्षकाने मला मजकूर न सांगता, माझ्या प्रकृतीबद्दल धडधडीत खोटं विधान आपल्या मनाने घातलं आणि माझी सही घेतली. की सदर शिक्षक आता हयात नाहीत. या शेवटच्या वाक्यावर वकिलांनी टिचकी मारली आणि हिच्याकडे बघून काही म्हणाले. हिने मला ते ओरडून सांगितलं नाही. मी विचारलं, काय म्हणाले? तेव्हा डाव्या कानाला तोंड लावून हळूच म्हणाली, "म्हनाले, बरं झालं."

सोमवारी नोटरीसमोर सही केली. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली त्यांचं टेबल. शपथेचे शब्द ते बोलले, मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. माझ्यामागे कावळ्यांचा थवाच्या थवा तारेवरून उठला असावा, कारण टेबलावर सावल्या सरकल्या आणि सगळ्यांनी वर बघितलं. मला काहीच ऐकू आलं नाही. हल्ली असंच होतं. कुत्री तोंड उघडतात मिटतात, पोरं पळतात, एसटी अंगावर येऊन थांबते, आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. काहीतरी मोठं घडून जाईल आणि मी पाठ करून बसलेला असेन, हे भय आता झोपेतसुद्धा असतं. मी सही केली. तुमच्याकडून शिकलेल्या त्याच वळणाची, आडनावाच्या शेवटी एक टिंब.

मग आम्ही आवारातल्या बाकावर बसलो. हिला दम लागला होता. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, डॉक्टरांनी घालून दिलेल्या मापाने दोनच घोट घेतले, आणि झाकण लावता लावता माझ्या कानाशी न येता, समोर बघत बोलली. डावी बाजू होती आणि वारा तिच्याकडून होता, म्हणून ऐकू आलं.

"मला एक कळत नाय. मास्तरांनी असं कसं लिवलं?"

मी तिच्या हातातली बाटली घेऊन पिशवीत ठेवली.

"आमच्या बापाला तर त्यांनीच सांगितलेलं. सोताहून आलेले आमच्या वाडीवर, चालत. मी आत व्हते, पडवीत तांदूळ निवडत. म्हनाले, पोराचा उजवा कान गेलाय, तो सांगनार नाय, लाजतोय, म्हनून मी सांगतो. बाकी पोरगा सोनं हाय. आवडत आसंल तर द्या." ती थांबली. "बाप म्हनाला, इचारा पोरीला. मला इचारलं. मी म्हनलं, एका कानानं कमी ऐकल तर बरंच, माजी बडबड निम्मीच लागंल."

ती हसली. सुजलेल्या चेहऱ्यावर डोळे बारीक झाले.

"तवा जो मानूस खरं सांगायला दोन कोस चालत आला, तो कागदावर खोटं कशाला लिवल?"

गुरुजी, तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. लग्नात अक्षता टाकायला आलात, पुढे वीस वर्षं भेटत राहिलात, कविता ऐकवल्यात, ऐकून घेतल्यात, आणि एकदाही म्हणाला नाहीत की तुझं ते खोटं मी चालत जाऊन फेडून आलो. मी मात्र पन्नास वर्षं उजवी बाजू लपवत राहिलो त्या एकीपासून, जिने ती आधीच पदरात घेतली होती. आणि ज्याने मला तिच्यापर्यंत पोचवलं, त्याला मी पंधरा मिनिटांपूर्वी शिक्का मारून खोटारडा ठरवलं होतं.

ती माझ्याकडे बघत होती. तिला गणित सुटत आलं होतं, मला दिसत होतं. तुम्ही फळ्यावर प्रश्न घातल्यावर हुशार पोरांच्या चेहऱ्यावर यायचं तसं. पण तिने बोट वर केलं नाही.

येत्या गुरुवारी मुंबईला तारीख आहे. वकील म्हणाले होते, तोवर काही दुरुस्ती असेल तर सांगा, दुसरं शपथपत्र करता येतं. त्यात खरं लिहिलं तर सरकारी वकील म्हणणार, बघा, याने बोर्ड स्वतःच टाळला. मग पेन्शन नाही, कार्ड नाही, आणि आठवड्याचा तिसरा दिवस नाही. खोटं टिकलं तर कदाचित मिळेल. कदाचितच. आणि नाही टिकलं, त्यांनी गावात माणूस पाठवून तुमची चौकशी केली, तर गावात अजून दहा म्हातारे आहेत ज्यांचे अर्ज तुम्ही लिहिले. ते काय सांगतील ते मला माहीत आहे, गुरुजींनी वाचून दाखवल्याशिवाय कधी कुणाची सही घेतली नाही. रोज दुपारी फाट्यावर एसटी थांबली की मी बघतो, कोण अनोळखी उतरतंय का.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठे, आणि ठेवायचीही सोय नाही. कुणाच्या हाती लागलं तर माझ्याच अक्षरातला माझ्याविरुद्धचा पुरावा. उद्या हिच्या अंघोळीचं पाणी तापेल तेव्हा चुलीत घालीन. खाली नाव लिहीत नाही. तुमच्यासारखं धाडस माझ्यात नाही.

एक राहिलं. सोमवारी डेपोत आम्ही कापड्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. गाडी लागली, माणसं चढायला लागली. हिने माझी बाही धरून मला मागे ओढलं, आणि डाव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "अवो, चला परत वकिलांकडं. माजं काय व्हायचं ते व्हईल."

मी कान पुढे केला, कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली आणि गाडीत चढलो. तिला वाटलं असेल, गर्दीत नाही पोचलं.

गुरुजी, मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.